अनुभव धागा: तुमच्या गल्लीतला नगरसेवक

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आला, आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. जवळजवळ चार वर्षं मुंबईत लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. नगरसेवक नसला की नेमकं काय अडतं, ते मला या चार वर्षांत कळलं. आता २२७ प्रभागांत नवी माणसं बसली आहेत. अशा वेळी आपल्या जुन्या आठवणी एकत्र मांडाव्यात म्हणून हा धागा.

एकच विनंती. पक्षाचं नाव लिहू नका. गल्लीत काय झालं, काय राहिलं, ते लिहा. सुरुवात माझ्यापासून करतो.

लालबाग

वडील गेले तेव्हा मी बारावीत होतो. खोली त्यांच्या नावावर, लाइट बिल त्यांच्या नावावर, आईच्या नावाचा कागद म्हणजे फक्त रेशनकार्डावरची एक ओळ. पेन्शनच्या कामाला रहिवासी दाखला हवा होता. आमच्या नगरसेवकांचं ऑफिस व्यायामशाळेच्या बाजूला, रात्री आठनंतर उघडायचं. बाकड्यावर पंधरावीस जण. माझा नंबर आला तेव्हा मी कागदांची पिशवी उघडायला लागलो, तर ते म्हणाले, "राहू दे. तिसरा माळा, गॅलरीच्या टोकाची खोली ना? तुझ्या बाबांच्या मयताला होतो मी."

लेटरहेड काढलं, आईचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. शिक्क्याचं पॅड सुकलं होतं. त्यावर दोन थेंब शाई टाकली, बोटाने पसरवली आणि शिक्का मारून कागद फुंकरीने वाळवून माझ्या हातात दिला. पैसे नाहीत, उद्या या नाही. दाखल्यावरची ती सही वाकडी होती, अजून डोळ्यासमोर आहे. आमच्या आईला कोणीतरी ओळखतं, तिचा पत्ता कोणीतरी छातीवर हात ठेवून सांगू शकतं, हे त्या वेळी फार मोठं वाटलं होतं.

भांडुप, डोंगरावरून

मुंबईच्या बऱ्याचशा पाण्याचं शुद्धीकरण भांडुपला होतं, आणि भांडुपच्याच डोंगरावर आम्ही पाण्यासाठी रात्र काढायचो. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हा पाण्याची वेळ पहाटे चारची. चारला नळ फुसफुस करायचा, सव्वाचारला धार करंगळीएवढी, पावणेपाचला बंद. सात माणसांचं घर. दोन हंडे भरले तरी नशीब.

तक्रारी सगळ्यांनी केल्या होत्या. दिवसा माणूस यायचा, नळ बघायचा. दिवसा नळाला पाणीच नसतं, मग तो काय बघणार? आमची नगरसेविका नवीन निवडून आली होती. तिला आम्ही बायकांनी सांगितलं, ताई, तुम्ही पहाटे या. ती आली. खरंच आली, पावणेचारला, सोबत पाणीखात्याचा इंजिनिअर आणि चावीवाला. अंगावर शाल, हातात बॅटरी. माझ्या दारातल्या बादलीवर बसली आणि म्हणाली, "मला नुसतं बघायचंय."

चार वाजले. नळ फुसफुसला. मग ती उठली आणि पायऱ्या उतरत खाली गेली, आम्ही तिच्या मागे. खालच्या वळणावर प्रत्येक दुसऱ्या दाराआडून मोटरचा आवाज. थेट लाइनीला लावलेल्या मोटरी. खालच्यांनी खेचलं की वरच्या पाइपात हवा राहते, एवढं आम्हाला माहीत होतं, पण बोलणार कोण, रोज तोंड बघायचं असतं. चावीवाल्याने रस्त्यातलं लोखंडी झाकण उचललं, आपली लांब चावी आत सोडली आणि आटे मोजत फिरवली. व्हॉल्व पुरा उघडतच नव्हता. माती बसून गंजला होता. म्हणजे दोष दोन होते आणि इतकी वर्षं आम्ही एकच धरून बसलो होतो.

व्हॉल्व महिन्याभरात बदलला. मोटरींचं मात्र तिने वेगळं केलं. दंडाच्या नोटिसा आणायच्या आधी खालच्या घरांतल्या बायकांना आमच्या वर घेऊन आली आणि माझा नळ दाखवला. एक जण तिथेच रडली, म्हणाली, आम्हाला वाटायचं वर टाकी आहे. मग ठरलं की पहिली चाळीस मिनिटं खाली कोणी मोटर लावायची नाही. वर्षभर तरी ते पाळलं गेलं. नंतर पुन्हा दोनचार जणांनी सुरू केलं, पण आता वरून हाक मारता येते, कारण ओळख झाली.

जलखात्यातून निवृत्त, सध्या बदलापूर

भांडुपच्या ताईंनी लिहिलं ते शंभर टक्के बरोबर, त्याला एक जोड देतो. मोटरीचं नुकसान फक्त वरच्यांना होत नाही. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं, ठरलेल्या वेळेला सुटतं. बाकी वेळ लाइन रिकामी. वस्त्यांमधल्या बारीक जोडण्या कितीतरी ठिकाणी गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच जातात. अशा पाइपाला कुठे भोक असलं आणि मोटरने आतून ओढ लावली, की बाहेरची घाण आत खेचली जाते. पहिली पाच मिनिटं गढूळ, वासाचं पाणी येतं ते यातून. "धरणातलंच पाणी खराब" अशी तक्रार यायची तेव्हा आम्ही आधी गटारं बघायला जायचो.

आणि एक. चांगला नगरसेवक आम्हा कामगारांना लगेच ओळखू यायचा. तो साहेबाला फोन करायच्या आधी चावीवाल्याला विचारायचा. चावीवाल्याला प्रत्येक गल्लीचा व्हॉल्व हाताला माहीत असतो, नकाशात असो वा नसो.

पश्चिम उपनगर

मी वाईट अनुभव लिहिते, चालेल ना? आमच्या सोसायटीबाहेरचा फुटपाथ पाच वर्षांत तीनदा उखडला. आधी सिमेंटचा होता, चांगला होता, माझे सासरे काठी घेऊन रोज त्यावर फेरी मारायचे. तो काढून पेव्हर ब्लॉक. ते बसेनात, म्हणून दुसऱ्या रंगाचे पेव्हर ब्लॉक. एकाही खेपेला सोसायटीत कोणी विचारायला आलं नाही. सासरे तिसऱ्या खेपेला वर आलेल्या ब्लॉकला अडखळले आणि मनगट मोडलं. तेव्हापासून ते खाली उतरलेले नाहीत. आम्हाला पाहिजे होता तो कोपऱ्यावरचा दिवा. तो आजही नाही.

लालबागकडून उत्तर

ताई, चालेल काय, असंच लिहायला हवं. तुम्ही लिहिलंत त्यातलं "कोणी विचारायला आलं नाही" हे मला सगळ्यात लागलं. निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा, नाहीतर परत जातो. म्हणून जे पटकन उरकतं ते काम निघतं आणि जे पाहिजे ते मागे पडतं. फुटपाथ उरकतो. दिव्याला वीज कंपनी, रस्त्याची खोदाई, दोन परवानग्या लागतात. तुमचे सासरे लवकर बरे होवोत.

एका नगरसेविकेची मुलगी

२०१२ च्या निवडणुकीत पहिल्यांदा निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या, २२७ पैकी ११४. आमचा वॉर्ड सोडतीत महिला राखीव निघाला आणि बालवाडीत शिकवणारी माझी आई उभी राहिली. लोक म्हणाले, नवरा चालवेल. बाबांची नोकरी रात्रपाळीची, ते दिवसा झोपलेले असायचे. सगळं आईनेच केलं.

घर कसं बदलतं ते सांगते. बेल. बेल कधीच थांबत नाही. सकाळी सहाला पाणी आलं नाही म्हणून, रात्री अकराला शेजाऱ्याने नळाखाली कपडे धुतले म्हणून. रात्री दोनला बेल वाजली की आम्हाला कळायचं, कोणीतरी गेलं. आई काही न बोलता साडी नीट करायची आणि शववाहिनीला फोन लावायची. मग त्या घरी जाऊन बसायची. डॉक्टरांचा दाखला आहे का, स्मशानात कोण पुढे जाणार, गावाहून भाऊ येईपर्यंत थांबायचंय का. पाच वर्षांत अशा किती रात्री झाल्या त्याची मोजदाद नाही. नगरसेवकाच्या कामाच्या यादीत हे कुठेही लिहिलेलं नसतं. तेव्हा मानधन महिना दहा हजार होतं (२०१७ मध्ये ते २५ हजार झालं), आणि आमच्याकडे चहाचं दूधच महिन्याला केवढ्याचं यायचं!

आईची एक वही होती. दोनशे पानी, लांबडी, खाकी कव्हर. प्रत्येक पानावर तिने पट्टीने रेघा मारलेल्या. तारीख, नाव, खोली नंबर, तक्रार, कोणाला सांगितलं, शेवटच्या रकान्यात काम झालं की बरोबरची खूण. काम झालं नाही तर तो रकाना ती रिकामा ठेवायची नाही, कारण लिहायची. "झाड खासगी आवारात, उद्यानखात्याची परवानगी सोसायटीने काढायची." "जागा म्हाडाची, पत्र दिलं, उत्तर नाही." माणूस परत आला की वही उघडून त्याच्यासमोर ठेवायची. लोक नाही ऐकून घेतात, पण "बघतो" ऐकून घेत नाहीत, हे तिचं म्हणणं.

२०१७ ला प्रभागांची नवी रचना झाली, आरक्षणं बदलली. अर्धा वॉर्ड एकीकडे, अर्धा दुसरीकडे. आई उभी राहिली नाही. निकालानंतर आठवड्याने ती नव्या नगरसेवकांकडे गेली, ते विरोधातले होते, आणि शिल्लक कामांची चौदा पानं त्यांना झेरॉक्स करून देऊन आली. त्यांनी त्यातली किती केली ते मी इथे लिहीत नाही, पण पहिल्या दिवशी त्यांनी उठून आईला खुर्ची दिली होती.

घाटकोपर

कचऱ्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. आमच्या घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये १९९६-९७ च्या सुमारास रहिवाशांनी एकत्र येऊन ओला-सुका कचरा वेगळा करायला सुरुवात केली. एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) म्हणून जी योजना पुढे मुंबईभर गेली, तिची सुरुवात तिथली. आमची गल्ली पुढे त्याच वाटेने गेली. नगरसेवकांनी आमच्यासाठी एवढंच केलं की सुक्या कचऱ्याची गाडी ठरलेल्या दिवशी वेगळी येईल याची व्यवस्था लावली. पण ती गाडी नसती तर सगळं वेगळं केलेलं पुन्हा एकाच डब्यात गेलं असतं आणि महिन्याभरात सगळे कंटाळले असते.

दक्षिण मुंबई

माझा अनुभव मधल्या चार वर्षांतला. आमच्या शाळेच्या गेटसमोरचं मॅनहोलचं झाकण तडकलं होतं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टनजवळ उघड्या मॅनहोलमध्ये एक डॉक्टर वाहून गेले. त्यानंतर मी पावसात झाकणं बघत चालतो, आणि वर्गातल्या मुलांनाही तेच शिकवतो. पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. सहाव्या दिवशी मेसेज आला, तक्रार निकाली. मी गेटवर जाऊन बघितलं. झाकण तसंच, वर झाडाची फांदी खोचून ठेवलेली. पुन्हा तक्रार, पुन्हा निकाली. तिसऱ्यांदा फोटो जोडला. कार्यालयात गेलो तर म्हणाले, ही गल्ली आमच्या हद्दीत येते का ते बघावं लागेल. माजी नगरसेवकांना भेटलो. त्यांनी मनापासून फोन लावला, पण समोरच्याने ऐकलंच पाहिजे असं आता काही राहिलं नव्हतं, हे त्यांच्याच चेहऱ्यावर दिसत होतं.

शेवटी पावसाच्या तोंडावर आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून त्यावर लोखंडी पत्रा टाकला. दोन पावसाळे मुलं त्या पत्र्याला वळसा घालून शाळेत आली.

भांडुपकडून उत्तर

सर, आता नवीन नगरसेवक आलेत ना? पत्रं देऊ नका. त्यांना शाळा सुटायच्या वेळेला गेटवर बोलवा. सगळी पोरं एकदम बाहेर पडतात तेव्हा उभं राहू द्या तिथे दहा मिनिटं.

दक्षिण मुंबई

ताई, तुमचं ऐकलं. मागच्या गुरुवारी साडेबाराला नगरसेविका आल्या होत्या. घंटा झाली आणि पहिलीदुसरीची मुलं धावत सुटली. त्यांनी स्वतः पुढे होऊन दोघांना दंडाला धरून पत्र्यावरून बाजूला घेतलं. काही बोलल्या नाहीत, तिथूनच फोन लावला आणि माणूस येईपर्यंत गेटवर उभ्या राहिल्या.

काल नवीन झाकण बसलं. आतली जाळी अजून बसलेली नाही, ती दुसऱ्या खात्याकडून येते म्हणतात. त्या म्हणाल्या, सोमवारी अकराला ऑफिसला या, सोबत जाऊ. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.