भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरले ढकलते, काय करावं?

कास्तकार_वडकी

राम राम मंडळी. थोडं लांब झालं आहे पण वाचून घ्या. मी राळेगाव तालुक्यातला, वडकीच्या बाजूचं गाव. घरी 42 एचपीचा ट्रॅक्टर आहे, ट्रॉली यंदाच सेकंडहँड घेतली, दोन चाकी, टिपिंगवाली. आतापर्यंत पांदणीनं घर ते वावर अन वावर ते घर एवढंच चालवलं, रोडवर माल कधी नेला नव्हता. यंदा गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला फारच पाडून मागत होता म्हणून बाबा म्हणे आपणच हिंगणघाटले नेऊ. गेल्या सोमवारी साडेबावीस क्विंटल कापूस भरला अन निघालो.

हायवेले लागलो तोपर्यंत ठीक होतं. वर्धा नदीच्या पुलाआधी उतार लागते तिथं मी टॉप गिअरले होतो, समोरचा ऑटो एकदम हळू झाला म्हणून ब्रेक मारला, तर मागून कोणी ढुशी द्यावी तशी ट्रॉली आली अंगावर. ट्रॅक्टरचं तोंड डावीकडं गेलं अन ट्रॉली उजवीकडं, मान वळवून पाहतो तर ट्रॉलीची अख्खी बाजू माझ्याकडं येऊन रायली. ब्रेक सोडला, कशी तरी सरळ झाली. ऑटोवाल्यानं शिव्या दिल्या, बरोबरच दिल्या. जिनिंगच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) गेटवर लाइनीत चहा घेतला तर अर्धा हातावरच सांडला इतके हात कापत होते.

घरी सांगितलं नाही. अजून तीन खेपा बाकी आहेत. ट्रॉलीले ब्रेक बसवून मिळते काय? का माल कमी भरू? एक मित्र म्हणते उतारावर क्लच दाबून सोडून द्यायचं, डिझलही वाचते. खरं आहे काय हे?

जुना_डायवर

त्या मित्राले पयले ब्लॉक कर.

हे पाय बाप्पा, तुह्या ट्रॅक्टरचं वजन असन दोन टनाच्या आसपास. ट्रॉली खाली दीड टन धर अन त्यावर तुह्या सव्वादोन टन कापूस. म्हंजे मागचं वजन ट्रॅक्टरच्या दुप्पट होऊन रायलं अन ब्रेक कोणाले? ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकायले फक्त. समोरच्या चाकायले नाही, ट्रॉलीले तर नाहीच. ते दोन चाकं सहा टन कसे धरतीन मले सांग. उतारावर ट्रॅक्टरले रोखून धरते ते इंजन, ब्रेक नाही. क्लच दाबला का इंजन सुटलं, मंग ट्रॉली तुले घेऊन जाईन तिच्या मर्जीनं.

ज्या गिअरमधे तो उतार चढला असता त्याच गिअरमधे उतरायचं, अन गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा. अर्ध्या उतारात गेल्यावर गिअर बदलायले गेला अन पडलाच नाही तर न्यूट्रल झाला तू. मी 31 वर्षं चालवून रायलो, मले एकदा झालं हे, केळापूरकडं, रेतीची ट्रॉली होती. नाल्यात गेलो. ट्रॅक्टर उलटला नाही म्हणून लिहून रायलो.

आता माह्या एक सवाल. तुह्ये ब्रेकचे दोन पायडल पट्टीनं जोडले होते काय?

कास्तकार_वडकी

कोणती पट्टी काका?

जुना_डायवर

घ्या! अरे ब्रेकचे पायडल दोन असतात ना, डावा अन उजवा. वावरात नांगराच्या तासाच्या शेवटी वळतानी एकच दाबायचा म्हणून अलग ठेवले. रोडवर आलं का मधातली पट्टी पलटवून दोन्ही एक करायचे. तू हायवेवर एकच पायडल दाबला असन, एक चाक धरलं, दुसरं पळत रायलं. तोंड डावीकडं गेलं म्हणतं तर डाव्याच चाकाले ब्रेक लागला. मागून ट्रॉलीनं रेटा देलाच. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं असते पण ते पुस्तक कोणाच्या घरी आहे.

वेल्डिंगवाला_हिंगणघाट

दादा बरोबर बोलले. माझं ट्रॉलीचंच काम आहे म्हणून थोडं जोडतो. ब्रेक बसवून मिळते. ओव्हररन म्हणून येते, ट्रॉली पुढं रेटली का हुकाजवळचा दांडा दबते अन ट्रॉलीच्या चाकाचे ब्रेक आपोआप लागते. पण जुन्या ट्रॉलीचा अ‍ॅक्सल पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, अन खर्च करायच्या आधी हे तीन पाहून घे.

ट्रॉली ट्रॅक्टरले जोडायची पिन कोणती आहे? माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सहा ट्रॉल्यांमधे पिनच्या जागी नटबोल्ट नाहीतर सळाखीचा तुकडा असते. खाली लॉकची क्लिप नसते, तारेचा वेढा असते. सेफ्टी चेन तर मी लावून देतो म्हटलं तरी लोक नको म्हणतात, दोनशे रुपयासाठी.

दुसरं, दोन चाकी ट्रॉली भरताना माल अ‍ॅक्सलच्या थोडा पुढं पाहिजे. मागं जास्त झाला तर हूक वर उचलल्या जाते अन ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची पकडच जाते, मंग ब्रेक मारून काय फायदा, चाक घसरते. अन खूपच पुढं भरला तर समोरचे चाकं हलके होतात, स्टेअरिंग फिरवतो पण गाडी ऐकत नाही. कापसात लोक काय करतात, मागून भरत भरत येतात अन मागंच तुडवतात, पुढं पोकळ राहते. तुझं तेच झालं असन.

तिसरं, ट्रॉलीच्या दोन्ही टायरची हवा सारखी आहे का पाहा. एवढंच.

सायकलवरून_बुलेटवर

मी शाळेवर आहे, रोज 26 किमी बाईकनं जाणंयेणं, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो, राग मानू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी सहानंतर मला रस्त्यावर सगळ्यात भीती बिनलाइटच्या ट्रॉलीची वाटते. समोरून ट्रकचा लाइट डोळ्यात आणि त्याच्यामागे काळी भिंत उभी. दोन वर्षांपूर्वी मी एका उभ्या ट्रॉलीत घुसलो, पंक्चर झाली म्हणून डांबरीवरच लावलेली, चालक गावात गेलेला. मनगटात अजून प्लेट आहे, खडू धरला की दुखते.

ट्रॉलीला मागे लाइट असतो हो, पण वायर ट्रॅक्टरला जोडलेलीच नसते, दांड्याला गुंडाळून ठेवलेली असते. रिफ्लेक्टर असतो तर कापूस फुगून बाहेर येतो नाहीतर ताडपत्री लोंबते आणि तो झाकून जातो. चमकणारी रिफ्लेक्टर टेप अगदी खाली, चाकाच्या रेषेत लावा म्हणजे झाकणार नाही, आणि बाजूलाही लावा, कारण तुम्ही वळता तेव्हा आम्हाला बाजूच दिसते.

आणि ते गोटे! चाकाला गोटे लावतात, पंक्चर काढतात, ट्रॉली निघून जाते आणि गोटे तिथेच. उचलून बाजूला टाकायला कितीसा वेळ लागतो? डेकवर गाणी लावायला वेळ असतो. असो.

कास्तकार_वडकी

सर तुमचं वाचून वाईट वाटलं. खरं सांगतो माझ्याही ट्रॉलीची वायर गुंडाळलेलीच आहे. मी तर पुढची खेप रात्री दोनले काढायचं ठरवत होतो, म्हणजे रोड खाली मिळन अन गेट उघडायच्या आधी नंबर लागन.

जुना_डायवर

रातच्याले बरं पडते. ट्राफिक नसते.

माहेर_दारव्हा

काकाजी, ट्राफिक नसते म्हणूनच ट्रक शंभरनं येतात. मी पाच वर्षं झाले एकटी शेती पाहते, ट्रॅक्टर भाड्याचा लावते पण माल भरल्यावर संग जाते, मागून स्कूटीवर. रात्री एकदाच पाठवला. थंडीचं दव पडलं, वरची ताडपत्री फाटकी होती, सकाळी सीसीआयच्या (सरकारी कापूस खरेदीच्या) सेंटरवर मशीन लावली तर मॉइश्चर, म्हणजे ओलावा, 12 टक्क्याच्या वर. त्याच्यावर ते घेतच नाहीत, अन 8 च्या वर गेलं की भावात कापतात. दिवसभर तिथंच पसरवून वाळवला, भाड्याचे पैसे डबल. म्हणून भाऊ, सकाळी उजाडल्यावर निघ, दुपारी पोच.

अजून एक, कोणी बोललं नाही. गावातल्या लाइटच्या तारा. कापूस उंच भरता अन वर एखादा पोरगा बसवता तार काठीनं उचलायला. आमच्या शेजारच्या गावात ठिणगी पडून ट्रॉली पेटली, पोरगा उडी मारून वाचला. उंची कमी ठेव, एक खेप जास्त होईल तर होऊ दे. अन वर माणूस नकोच.

जुना_डायवर

बाई तुमचं दवाचं बरोबर आहे. मी रेतीवाला, रेतीले मॉइश्चर कोण पायते.

पॉलिसीवाला

माणसं बसवण्यावरून सांगतो. शेतीच्या ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कोणी बसवायचं नाही, मडगार्डवरही नाही, ट्रॉलीतही नाही. मजूर बसवून आणले आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येते, मी दोन घरं पाहिली अशी. ट्रॉलीची नोंदणी वेगळी होते आणि तिचा नंबर पॉलिसीत टाकून घ्यावा लागतो, सेकंडहँड घेतली तर नावावर झाली का ते आधी पाहा. लायसनची काळजी करू नका, ट्रॅक्टरचं लायसन असेल तर ट्रॉली जोडली म्हणून ते बाद होत नाही, नागशेट्टी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 2001 लाच सांगितलं आहे. पण शेतीच्या पॉलिसीवर दुसऱ्याच्या विटा, मुरूम भाड्यानं ओढू नका. ओव्हरलोडला कायद्यात 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 दंड आहे. कापसात तेवढं वजन होत नाही, रेतीवाल्या काकांनी वाचावं.

जुना_डायवर

वाचलं.

कास्तकार_वडकी

मंडळी, सांगतो काय काय निघालं. पायडलची पट्टी होती, पण गंजून एका बाजूले चिकटलेली, हातोडीनं ठोकून रॉकेल टाकलं तेव्हा फिरली. दोन्ही ब्रेक सारखे लागतच नव्हते, डावा लवकर धरत होता, मिस्त्रीकडून अ‍ॅडजस्ट केले. पिन म्हणजे खरंच बोल्ट होता, मधात घासून बारीक झालेला, बोटावर धरून पाहिला तर पोटात गोळा आला. नवी पिन, क्लिप, चेन घेतली. वायर जोडली, एक बल्ब गेलेला होता. टेप खाली अन बाजूले दोन्हीकडं लावली सर.

काल सकाळी सातले निघालो, अठरा क्विंटलच भरला, पुढून तुडवत तुडवत. उताराआधीच थांबून तिसरा लो गिअर टाकला, इंजन गुरगुरत उतरलं, ब्रेकले पाय लावायचं कामच पडलं नाही. मागं गाड्यांची लाइन लागली, हॉर्न वाजवत होते, वाजवू द्या म्हटलं.

बाबांले शेवटी सगळं सांगितलं. ते काहीच बोलले नाही, मिस्त्रीचं बिल देऊन आले अन म्हणे पुढच्या खेपेले मी येतो संग, मडगार्डवर बसतो. मी म्हटलं मडगार्डवर नाही, एसटीनं या.

जुना_डायवर

एसटी टायमावर आली तर तुह्याआधी पोचतीन.