विषय: आई-बाबांसाठी प्राग-व्हिएन्नाची रेल्वे तिकिटं

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा मे महिन्यात पुण्याहून म्युनिकला येताहेत. त्यांना प्राग, व्हिएन्ना आणि साल्झबुर्ग दाखवायचंय, तेही रेल्वेनेच, कारण बाबांना विमानतळावरची चाल झेपत नाही. दोघंही सत्तरीला आलेत, तर सीनियर सिटिझनची सवलत मिळेल का? आम्ही दोघं इथे नोकरीला आहोत. चौघांनी मिळून एकाच प्रकारचा पास घ्यावा, की सुटी तिकिटं?

*

ताई, नमस्कार.

एकाच प्रकारचा पास चौघांना मिळणार नाही. युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांना चालणारे दोन पास आहेत: युरेल युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो, इंटररेल इथे राहणाऱ्यांसाठी. त्यात पासपोर्ट कुठला हे बघत नाहीत, राहतं घर कुठे हे बघतात. म्हणजे आई-बाबांना युरेल आणि तुम्हाला भारतीय पासपोर्टवरही इंटररेल. युरेलमध्ये साठ पूर्ण झालेल्यांना दहा टक्के सूट आहे खरी, पण तुमच्या चार टप्प्यांसाठी पास घेऊ नका. लवकर काढलेली सुटी तिकिटं जवळजवळ नक्की स्वस्त पडतील.

नुसतं वय दाखवून मिळणाऱ्या सवलतीवर अवलंबून राहू नका. इथली खरी सवलत लवकर काढणाऱ्याला मिळते. डॉइचे बानचं (जर्मन रेल्वेचं) श्पारप्राइस, ऑस्ट्रियन रेल्वेचं श्पारशीने ही सवलतीची तिकिटं, दोन्हीत कमी दराच्या तिकिटांचा कोटा ठरलेला असतो. तो संपत जातो तसा त्याच गाडीचा, त्याच डब्यातल्या सीटचा दर चढतो.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो: आंतरराष्ट्रीय गाडीचं तिकीट दोन्ही देशांच्या रेल्वेकडे बघा. म्युनिक-प्रागचं तिकीट डॉइचे बान विकते आणि चेक रेल्वेही विकते, पण दर सारखे असतीलच असं नाही. मला चेक रेल्वेच्या साइटवर कितीदा तरी स्वस्त मिळालंय. पाच मिनिटं जास्त जातात, पण चार माणसांमागे फरक चांगलाच पडतो. प्राग-व्हिएन्नासाठी रेजिओजेट या खाजगी कंपनीच्या पिवळ्या गाड्याही आहेत, त्यांचे दरही बघून ठेवा. व्हिएन्ना ते साल्झबुर्ग रेलजेट या ऑस्ट्रियन जलद गाडीने अडीच तासांत होतं. सीटचं आरक्षण तिकिटात धरलेलं नसेल तर आई-बाबांसाठी वेगळे पैसे भरून घ्याच. तिकीट असलं तरी उभं राहावं लागू शकतं.

साल्झबुर्गहून परत येताना आंतरराष्ट्रीय तिकीट काढूच नका. बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट, साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत चालतं आणि एकावर पाच जणांपर्यंत जाता येतं. फक्त लोकल-रिजनल गाड्या घ्यायच्या आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी निघायचं नाही. तुमच्याकडे डॉइचलंडटिकेट (जर्मनीभरच्या लोकल-रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास) असेल तर तेही तिथपर्यंत चालतं.

*

काकांनी सगळं नीट सांगितलंय, फक्त व्हिसाचं राहिलं. गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंचा व्हिसा लांबला आणि आम्ही आधीच घेतलेली तीन सुपर श्पारप्राइस तिकिटं बुडाली. सुपर श्पारप्राइस हे डॉइचे बानचं आणखी स्वस्त तिकीट, पण ते रद्द करून पैसे परत मिळत नाहीत. साधं श्पारप्राइस थोडं महाग असतं, पण आदल्या दिवसापर्यंत कपात सोसून रद्द करता येतं. पासपोर्टवर शिक्का येईपर्यंत घ्यायचंच असेल तर तेच घ्या.

सवलतीचं तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं. पण गाडीच उशिरा असेल आणि मुक्कामी वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसत असेल, तर डॉइचे बानच्या तिकिटावर दुसऱ्या गाडीने जाता येतं. तासाभराहून जास्त उशीर झाला तर युरोपीय नियमाप्रमाणे भाड्याच्या पंचवीस टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर पन्नास टक्के परत मागता येतात. तिकीट टाकून देऊ नका. आणि आई-बाबांचे पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका, शेंगेन (आपसात सीमा खुल्या ठेवणाऱ्या देशांचा गट) असलं तरी सीमेवर गाडीत तपासणी होते.

*

काका, ताई, खूप आभार. व्हिसाची अपॉइंटमेंट मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. तोवर प्रागचं साधं श्पारप्राइस घेऊन ठेवते, बाकीची व्हिसा हातात आल्यावर. बायर्न-टिकेटचं बाबांना सांगितलं. पाच जण चालतात कळल्यावर विचारताहेत, मंडळातलं कुणी साल्झबुर्गला सोबत येणार का? एक जागा रिकामी आहे, रविवारी परत निघणार आहोत.