पावसाळ्यात धुणं घरी की लाँड्रोमॅटला? (हिशोबासकट लिहा)

कर्वेनगरचा ओला

घरात सात किलोचं फ्रंट लोड मशीन आहे. चालू आहे, काही बिघडलेलं नाही. तरी जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून मी कपडे दोन पिशव्यांत कोंबून कोपऱ्यावरच्या लाँड्रोमॅटला (किलोवर कपडे धुऊन-वाळवून देणारं दुकान) नेतोय. यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच की पुण्यात धुणं हा प्रश्नच नाही, वाळवणं हा आहे. मशीन तासाभरात पिळून हातात देतं, पण पुढे काय? आमची ड्राय बाल्कनी म्हणजे चार बाय सहा फूट. त्यात मशीन, बादल्या, केरसुणी, कुंडीतला मरायला टेकलेला कढीपत्ता आणि उरलेल्या जागेत दोन दोऱ्या. पुढच्या गॅलरीत वाळत घालायचं नाही, असा सोसायटीचा ठराव आहे, कारण म्हणे 'बिल्डिंगचा लुक जातो'. पुण्यातला पाऊस कोकणासारखा कोसळून मोकळाही होत नाही. आठ-आठ दिवस नुसती भुरभुर, ऊन नाही आणि वाराही ओला. मग हॉलमध्ये स्टँड, त्यावर पंखा, कपाटाच्या मुठींना लटकलेले मोजे. जीन्सचा कमरेचा भाग तिसऱ्या दिवशीही गार लागतो.

मागच्या महिन्यात ऑफिसात एसी सुरू झाला आणि कुठूनतरी कुबट वास यायला लागला. मी आजूबाजूच्यांकडे संशयाने पाहत होतो. वास माझ्याच शर्टाला होता.

दर : धुणं, ड्रायर आणि घडी मिळून ७० रुपये किलो. इस्त्री वेगळी. आम्ही तिघं, आठवड्याचे कपडे नऊ किलो, म्हणजे ६३० रुपये. महिन्याचे अडीच हजार. बायको म्हणते ही चैन आहे. बोला.

पेठकरी

चैनच आहे. वहिनींचं बरोबर आहे.

हिशोब विचारलाच आहे तर घ्या. मशीन ३२,००० चं धरा, दहा वर्षं चालेल, म्हणजे महिन्याला २६७ रुपये. महिन्यात सोळा वेळा लावलं आणि दर वेळी ०.८ युनिट गेलं, तर १३ युनिटं. दहा रुपयांनी १३०. पावडर ३०० ची. सगळे मिळून सातशेच्या आत. तुम्ही १,८०० रुपये जास्तीचे मोजताय, ते फक्त हवेने वाळवण्याचे. हवा फुकट असते, आमच्या पेठेत सुद्धा.

वाघोलीवाली

@पेठकरी, हिशोब झकास. फक्त या सातशे रुपयांत कपडे उलटे-सुलटे करून मशीनमध्ये कोण टाकतं, झटकून वाळत कोण घालतं, पाऊस आला की पळत जाऊन कोण काढतं आणि रात्री टीव्हीसमोर बसून घड्या कोण घालतं, ते लिहायचं राहिलं बहुतेक. ही सगळी मंडळी बिनपगारी दिसतात.

आमच्याकडे मावशी फक्त भांडी-फरशीला आहेत. धुण्याला त्या नाही म्हणाल्या, आणि बरोबर म्हणाल्या.

पेठकरी

मीच करतो हे सगळं. अकरा वर्षं. बायकोची शिफ्ट सकाळी सहाची असते.

आणि खरं सांगू का, वाळत घालणं मला आवडतं. शर्ट खांद्याला धरून एकदा सणकून झटकायचा, कॉलर ओढायची, बटणपट्टी सरळ करायची, मग अर्धी इस्त्री तिथेच होते. चादर लांबीत घालायची, नाहीतर मधे झोळ येतो. चिमटा शिवणीवर लावायचा, कापडावर नाही. सकाळी त्या पंधरा मिनिटांत मला कोणी हाक मारत नाही.

वाघोलीवाली

अगं बाई. बरं, शब्द मागे घेते. पण तुमच्यासारखे किती, ते तुम्हालाही माहीत आहे.

टँकरग्रस्त

ताई, तुम्ही वाघोलीच्या आणि अजून पाण्याचा विषय काढला नाहीत? मी उंड्रीचा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्याने कपडे धुणं म्हणजे पैसे ओतणं. लाँड्रोमॅट हवाच.

वाघोलीवाली

काढणार होतेच, उलट्या बाजूने. फ्रंट लोड एका वेळी साधारण साठ लिटर घेतं. महिन्याला सोळा वेळा म्हणजे हजारभर लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरचा दहावा भाग. त्याने कोणी बुडत नाही. आणि लाँड्रोमॅटवाल्याकडे काय झरा आहे का? त्याच्या दारातही तोच टँकर उभा असतो.

खरं दुखणं बोअरचं आहे. त्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने साबणाचा फेस होत नाही, उलट साका होऊन कपड्यात बसतो. टॉवेल वाळला की पापडासारखा कडक. ड्रमच्या रबरी गॅस्केटमध्ये आणि हीटरवर पांढरा थर चढतो. मी महिन्यातून एकदा लिंबूसत्व टाकून रिकामं मशीन साठ डिग्रीला फिरवते. तरी पांढरे कपडे दोन वर्षांत राखाडी झालेच. लाँड्रोमॅटमध्ये पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर प्लँट असेल तर मी चादरी आणि टॉवेल तिकडेच देईन. आधी विचारून घ्या, बोर्डावर सगळेच 'आरओ वॉटर' लिहितात.

सूक्ष्मजीव

मूळ धाग्यातल्या वासाबद्दल, कारण त्यावर कोणी बोललंच नाही.

हा वास ओलेपणाचा नसतो, जिवाणूंचा असतो. २०१२ साली जपानी संशोधकांनी त्यातला मुख्य आरोपी शोधला : मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. कपड्यात राहिलेला घाम आणि अंगाचं तेल खाऊन तो एक आम्ल सोडतो, त्याला हा कुबट वास असतो. कपडा कोरडा पडला तरी हे महाशय तग धरून राहतात. म्हणून वाळलेल्या शर्टाला वास नसतो आणि अंगावर घालून जरा घाम आला की पुन्हा सुरू. ऑफिसात झालं ते हेच असणार.

सुगंधी सॉफ्टनरने तो जात नाही, झाकला जातो. उपाय दोन : साठ डिग्रीला धुवा (सगळे कपडे सोसत नाहीत), किंवा लवकर वाळवा. ड्रायर दुसरं काम चोख करतो. लाँड्रोमॅटची बाजू घेत नाही, पण कपडे वाळायला दोन दिवस घेणारा स्टँड म्हणजे जिवाणूंचं वसतिगृह आहे. मशीन थांबल्यावर कपडे तासन्‌तास आत ठेवू नका, हेही सांगून ठेवतो. सकाळी लावून संध्याकाळी काढणारे बरेच असतात.

सोवळ्यातली

तुम्ही सगळे आकडे लावताय, मला एकच विचारायचंय. आतले कपडे पण देता??

कोणाकोणाचे कपडे त्या ड्रममध्ये फिरून गेलेले असतात. माझी आजी सोवळ्याचं लुगडं काठीने उंच दांडीवर टाकायची, कोणी शिवू नये म्हणून. मी ते काही पाळत नाही. पण अनोळखी माणसाच्या मोज्यांनंतर माझी उशीची खोळ? नको गं बाई.

कर्वेनगरचा ओला

आतले कपडे घरीच, बाथरूममध्ये, हाताने. ते दारामागच्या हँगरला वाळतात. एवढी लाज शिल्लक आहे.

बाकी प्रत्येक गिऱ्हाइकाचे कपडे वेगळ्या ड्रमला लावतात, मी उभा राहून पाहिलंय. दोन किलोच्या खाली दिले तर मात्र एकत्र घालतात. विचारलं तर सांगतात, न विचारता नाही.

कॉलेज होस्टेल

चार मुलं, एक फ्लॅट, मशीन नाही. आम्हाला कोणी विचारणार आहे का? मशीन घेऊ तर ते कोणाचं, सोडून जाताना काय करायचं, यावर दोन तास भांडण झालं. तेव्हापासून लाँड्रोमॅट. मेथीच्या जुड्या भरल्यासारखी पोती नेतो.

जर्सीहून परत

मी न्यू जर्सीत सहा वर्षं राहून आता बाणेरला आहे. तिकडे आमच्या अपार्टमेंटच्या तळघरात सामायिक मशीनं होती. २५ सेंटची नाणी, म्हणजे क्वार्टर, पावाच्या डब्यात साठवायचो. कोणी सुट्टे मागितले तर मैत्री गेली तरी चालेल, पण क्वार्टर द्यायचं नाही. कपडे स्वतः टाकायचे, स्वतः काढायचे. उशीर झाला की पुढचा माणूस तुमचं ओलं धुणं उचलून टेबलावर ठेवून द्यायचा.

भाड्याने मशीनं वापरू देणारं पहिलं दुकान १९३४ साली टेक्सासच्या फोर्ट वर्थला निघालं असं सांगतात. चार मशीनं, भाडं तासावर. मंदीचे दिवस, घरी मशीन घ्यायला लोकांकडे पैसे नव्हते. म्हणजे तिकडे ही सोय ज्याच्याकडे मशीन नाही त्याच्यासाठी निघाली. आणि आपल्याकडे 'माझं मशीन चालू आहे, तरी जातो' असा धागा निघतो. शिवाय पुण्यात आपण कपडे नुसते देऊन येतो. मग ती लॉन्ड्रीच झाली, फक्त काचेच्या दाराची. नाव लाँड्रोमॅट ठेवलं की किलोमागे वीस रुपये वाढतात.

बाकी सोसायटीच्या ठरावावरून आठवलं. तिकडेही घरमालकांच्या संघटना अंगणात दोरी बांधू देत नाहीत. त्यावर फ्लोरिडा, व्हर्मांट, मेन अशा काही राज्यांनी कायदेच केलेत, त्यांना 'राइट टू ड्राय' म्हणतात. ओलाराव, पैसे लाँड्रोमॅटला देण्याआधी सर्वसाधारण सभेत हात वर केलात का?

कर्वेनगरचा ओला

केला होता. विषय 'आयत्या वेळचे' मध्ये ढकलला आणि तेवढ्यात वडे आले.

आप्पा नारायण पेठ

वाड्यातल्या नळाला पहाटे पाचला पाणी यायचं. सात बिऱ्हाडं, एक दगड. रांग बादल्यांनी लावायची, माणूस नसला तरी चालायचं. धुणं तिथेच आणि कोण कोणाशी बोलत नाही तेही तिथेच कळायचं. पहिलं साबणाचं पाणी संडासाला, शेवटचं विसळलेलं तुळशीला. तुम्ही ज्याला सामायिक म्हणून नाक मुरडताय, ते आम्ही वर्षानुवर्षं केलं. फरक एवढाच की त्या दगडावर कोणाचं काय धुतलं जातंय ते माहीत असायचं.

आणि 'घरी धुणं ही आपली पद्धत' असं कोणी म्हणायच्या आत सांगतो. परीटघडी हा शब्द आपलाच आहे. धोतरं, बाहेर जायचे सदरे, चादरी परटाकडेच जायच्या. भट्टीतून आलेल्या कपड्याला एक वास असायचा, खळ आणि धुराचा मिळून. बाहेर कपडे देणं हे खूळ आजचं नाही.

गुलाबी कुर्ता

आप्पांना नमस्कार. तरी माझा अनुभव लिहितो, विरोधी पक्षात नाव घाला.

नाव घेत नाही, पण एका ठिकाणी लग्नातला पांढरा लखनवी कुर्ता दिला. परत आला तो गुलाबी. कोणाचं तरी नवीन इरकल त्याच पाण्यात गेलं होतं, माझं तरी हेच अनुमान. दुकानदाराने पावतीच्या मागचा बारीक मजकूर दाखवला : रंग गेल्यास जबाबदारी नाही, भरपाई दिलीच तर बिलाच्या पाचपट. बिल होतं ८५ रुपये.

शिवाय ड्रायर. त्याच्या जाळीत जमलेली करडी रुई बघा एकदा. ती म्हणजे तुमचाच कपडा, हप्त्याहप्त्याने. सुती कुर्ते आखडतात, इलॅस्टिक सैल होतं. दोरीवर वाळलेला कपडा जास्त टिकतो, हे पेठकरींच्या हिशोबात जोडायला हवं होतं.

पेठकरी

जोडलं. धन्यवाद.

आणखी एक. ते वजन कपडे कोरडे असताना करतात की जसे आले तसे? आमच्या शेजाऱ्यांनी अंघोळीचा ओला टॉवेल तसाच पिशवीत घातला होता. घरी येऊन तो वाळल्यावर पुन्हा तोलला. पाव किलोहून जास्त फरक. सतरा-अठरा रुपये नुसत्या पाण्याचे. तेही आपल्याच नळाच्या.

वाघोलीवाली

तोलून पाहिला? 😂 खडकवासला धरणाचं पाणी लाँड्रोमॅटला विकणारा माणूस पहिल्यांदाच ऐकला. उलट पैसे देऊन विकणारा.

माझं मत तरी सांगून टाकते. घरी धुवा, बाहेर वाळवा. आमच्याकडे एक जण पिळलेले कपडे घेऊन फक्त ड्रायरचे पैसे घेतो, खेपेला १२० रुपये. जून ते सप्टेंबर तेवढंच करते, आठवड्यातून एकदा, चादरी-टॉवेल-जीन्स. बाकी सिंथेटिक पंख्याखाली रात्रीत वाळतं. ऑक्टोबरात ऊन आलं की त्याला विसरते.

कर्वेनगरचा ओला

हे पटलं. विचारून आलो. आमचा म्हणतो, फक्त ड्रायर देत नाही, 'पॅकेजमध्ये बसत नाही'. मग पेठकरींच्या सल्ल्याने शर्ट झटकून हँगरवर घातले, कॉलर ओढून, आणि स्टँडवर कपड्यांत वीतभर जागा सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडे. याचा अर्थ इतकी वर्षं मी कपडे गर्दीने घालत होतो. बायको काही बोलली नाही, नुसती हसली. जास्त वाईट.

चादरी आणि जीन्स मात्र अजूनही पिशवीतच जाणार. महिना आठशेच्या आत बसेल.

काल शेवटची मोठी पिशवी आणली, त्यात कोणाच्यातरी बाळाचा पिवळा मोजा आला. परत द्यायला गेलो तर पोऱ्याने काउंटरखालून सुट्ट्या मोज्यांचा डबा काढला. चाळला. तळाशी माझा जूनमधला राखाडी सापडला. त्याचा जोडीदार मी गेल्या रविवारी कचऱ्यात टाकला.