विमानतळावर कोणाला बाजूला घ्यायचं, हे नजरेवर सोडू नये

धंतोलीची मेघना

नागपुरात सोनेगावच्या विमानतळावरून जाताना बॅग क्ष-किरण यंत्रात घालणं, धातू हुडकणाऱ्या दाराच्या चौकटीतून जाणं, अंगावरून डिटेक्टर फिरवून घेणं आता सगळ्यांच्या सवयीचं झालंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ते प्रत्येकाचं होतं. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या "जरा बाजूला या" बद्दल. काही जणांना वेगळं काढतात, बूट काढायला लावतात, बॅगेतली एकेक वस्तू टेबलावर मांडतात. ही निवड कोण करतं?

कधी चौकट वाजते किंवा बॅगेचं चित्र नीट दिसत नाही. कधी संगणक चिठ्ठी काढल्यासारखा कोणाला तरी निवडतो. कधी नाव कुठल्याशा यादीतल्या नावाशी जुळतं. आणि कधी समोरच्या कर्मचाऱ्याला तुमची दाढी, पेहराव किंवा चेहरा खटकतो. बाजूला उभ्या केलेल्या माणसाला यातलं कुठलं कारण लागू झालं ते कोणी सांगत नाही. पहिल्या दोहोंना माझी हरकत नाही. यादीत चूक असेल तर ती दुरुस्त करायची वाट हवी. आणि चेहऱ्यावरून निवडणं बंदच व्हायला हवं.

मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील आपल्या नागपुरात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या बोर्डिंग पासवर 'एसएसएसएस' ही चार अक्षरं येतात, म्हणजे या प्रवाशाची जादा तपासणी करा. मग घरबसल्या चेक-इन होत नाही, काउंटरवर जावं लागतं, आणि दोहा किंवा फ्रँकफर्टला शेवटच्या गेटवर पुन्हा सगळी झडती. वारंवार असं होत असेल तर तिथल्या होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) खात्याकडे अर्ज करता येतो. एक क्रमांक मिळतो, तो पुढच्या तिकिटात भरायचा. एवढी सोय असूनही काय होतं बघा. राहिना इब्राहिम ही मलेशियाची, स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणारी बाई. 2004 साली एफबीआय या अमेरिकन तपास संस्थेच्या एका माणसाने फॉर्मवर चुकीच्या चौकटीत खूण केली, आणि तिचं नाव विमानबंदीच्या यादीत गेलं. जानेवारी 2005 मध्ये तिला सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर बेड्या घातल्या. ती चूक होती हे न्यायालयाकडून वदवून घ्यायला 2014 उजाडलं. एका चुकीच्या खुणेपायी एका बाईची नऊ वर्षं गेली, याचा मला फार संताप येतो.

मानेवाड्याचे काका

ताई, मी गणवेशात नोकरी केली आहे, विमानतळावरही केली आहे, म्हणून लिहितो. 23 जून 1985 ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान बॉम्बने पडलं, 329 माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. काउंटरवर त्याने बॅग पुढे पाठवण्यासाठी हट्ट धरला, आणि ती घेतली गेली. त्यानंतर 1987 मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्युरो स्वतंत्र विभाग झाला. 1999 च्या डिसेंबरात आयसी-814 विमान अपहरण करून कंदहारला नेलं, आणि 2000 पासून, जयपूरपासून सुरुवात करून, विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे (सीआयएसएफ) आले. आपली आजची तपासणी या मेलेल्या माणसांमुळे आली आहे, हे आधी ध्यानात घ्या.

आता नजरेचं. 17 एप्रिल 1986, लंडनचं हीथ्रो. अॅन मेरी मर्फी नावाची गरोदर आयरिश मुलगी एल अल या इस्राएली कंपनीच्या विमानाने इस्राएलला निघाली होती. विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रातून तिची बॅग पास झाली होती. एल अलच्या माणसांनी तिला प्रश्न विचारले, बॅग रिकामी करून उचलून पाहिली, तर ती वाजवीपेक्षा जड लागली. तळाशी दीड किलोच्या आसपास सेमटेक्स हे स्फोटक निघालं. तिच्या प्रियकराने तिला कल्पना न देता ते भरलं होतं. यंत्राला जे दिसलं नाही ते माणसाला कळलं.

चिठ्ठी निघाली म्हणून ऐंशी वर्षांच्या आजीला बाजूला घ्यायचं, आणि तिच्या मागे घामाघूम झालेला, प्रश्नाला उलटसुलट उत्तरं देणारा माणूस सोडून द्यायचा? मी असं करणार नाही. माझ्या हाताखालच्या पोरांनाही करू देणार नाही.

धंतोलीची मेघना

काका, तुमच्या नोकरीबद्दल आदर आहे. पण मर्फीचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. चेहऱ्यावरून निवडायचं ठरवलं असतं तर गरोदर आयरिश मुलीला कोणी हात लावला असता? एल अलमध्ये प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, म्हणून ती सापडली.

आणि घामाबद्दल. अमेरिकेने 2007 पासून हावभावांवरून संशयित ओळखणारे अधिकारी विमानतळांवर नेमले, त्यावर सुमारे 90 कोटी डॉलर खर्च केले. 2013 मध्ये त्यांच्याच सरकारी लेखापरीक्षकांनी अहवाल दिला: हावभावांवरून फसवणूक ओळखण्याची माणसाची क्षमता निव्वळ अंदाजाइतकी, फार तर त्याहून किंचित बरी. विमानतळावर घाम कोणाला फुटत नाही? पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला फुटतो, उशीर झालेल्याला फुटतो, आणि याआधी अपमान झालेल्याला तर हमखास फुटतो.

बुटीबोरी शिफ्ट

एवढा कायचा वाद करून राहिले सगळे? दहा-पंधरा मिनिटं जातात. 2009 मध्ये दिल्लीला कलाम साहेबांना एका अमेरिकन विमान कंपनीच्या लोकांनी तपासलं. माजी राष्ट्रपती म्हणून त्यांचं नाव सूट असलेल्यांच्या यादीत होतं, तरी तपासलं. ते स्वतः काही बोलले नाही. आपण त्यांच्यापेक्षा मोठे आहोत का? ज्याच्या बॅगेत काही नाही त्याने उघडून दाखवावी आणि पुढे जावं.

सदरचा मुसाफिर

भाऊ, कलाम साहेब बोलले नाहीत, पण संसदेत गदारोळ झाला, आणि कंपनीला माफी मागावी लागली. तुमच्या-माझ्यासाठी संसदेत कोण उठणार?

माझं नाव असं आहे की त्या नावाची माणसं मोमिनपुऱ्यातच डझनावारी निघतील. बॅग उघडून दाखवायला मी कधी ना म्हटलेलं नाही. एकदा बायको-मुलांसोबत होतो. विमानतळाचं नाव घेत नाही. चौकट वाजली नाही, बॅग पास झाली, तरी मला थांबवलं. दहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "अब्बा, आपणच का?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिठ्ठी निघाली असं सांगितलं असतं तर मी ते त्याला आनंदाने समजावलं असतं. दहा मिनिटांचा हिशोब ज्याला कधी असा प्रश्न ऐकावा लागला नाही त्याने मांडू नये.

नावावरून गोंधळ फक्त आमचाच होतो असंही नाही. 2004 मध्ये अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड ('टेड') केनेडी यांना पुन्हा पुन्हा अडवलं, कारण 'टी. केनेडी' असं टोपणनाव यादीत होतं. पुढे तिथल्या सरकारने तिकिटासोबत पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग घ्यायला सुरुवात केली, तेव्हा नुसत्या नावसाधर्म्यावरून होणारा त्रास कमी झाला. म्हणजे इच्छा असली की सुधारता येतं.

मानेवाड्याचे काका

मुसाफिर भाऊ, तुमच्या मुलासमोर जे झालं ते मला आवडलं नाही. धर्मावरून निवड करा असं आम्हाला कोणी शिकवलं नाही, आणि कोणी करत असेल तर तो नालायक आहे. मी वागणुकीबद्दल बोलतो आहे, पेहरावाबद्दल नाही.

मेघनाताई, बुटात स्फोटकं घालून आलेला रिचर्ड रीड आठवा. 21 डिसेंबर 2001 ला पॅरिसमध्ये त्याच्यावर संशय आला, पोलिसांनी इतकी विचारपूस केली की त्याचं विमान चुकलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला जाऊ दिलं, आणि त्याने आकाशात बुटाची वात पेटवायचा प्रयत्न केला. नजर बरोबर होती. नजरेवर विश्वास टाकला नाही, ती चूक झाली.

अंकगणित

काकांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या 19 अपहरणकर्त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना संगणकाने त्या सकाळी निवडलं होतं, हे तिथल्या चौकशी आयोगाच्या अहवालात आहे. पण त्या निवडीचा परिणाम एवढाच होता की ते विमानात चढेपर्यंत त्यांचं सामान चढवायचं नाही. त्यांची अंगझडती त्यामुळे कडक झाली नाही. म्हणजे निवड होऊनही पुढची तपासणी पोकळ असेल तर काही हाती लागत नाही.

आता गणित. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी 2002 मध्ये एक साधी गोष्ट दाखवली: निवड ठरावीक खुणांवरून होत असेल, तर टोळी आपली माणसं आधी रिकाम्या हाताने पाठवून पाहते. ज्याला कोणी अडवत नाही त्याच्याकडे मग खरं काम देते. चिठ्ठी असेल तर हा प्रयोग वाया जातो, कारण काल सुटलेला आज सुटेलच असं नाही. 2009 मध्ये विल्यम प्रेस या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणखी पुढचं मांडलं. संशय जितका जास्त तितक्या जास्त वेळा तपासत गेलात, तर शेवटी निव्वळ चिठ्ठ्या टाकण्यापेक्षा काही अधिक पदरात पडत नाही, कारण संशयाच्या यादीत वर असलेली तीच ती निर्दोष माणसं पुन्हा पुन्हा तपासली जातात आणि मनुष्यबळ तिथेच संपतं.

काकांनी म्हटलेली ऐंशी वर्षांची आजी तपासली जाणं म्हणूनच गरजेचं आहे. आजीला कोणी तपासत नाही हे कळलं, की सामान आजीच्या पिशवीत जाईल. मर्फीच्या बॅगेत ते गेलं होतंच.

काटोलचा बागायतदार

मी संत्र्याच्या बागेतला माणूस, तुमच्यासारखं लिहिता येत नाही. पोरीकडे निघालो होतो. आदल्या दिवसापर्यंत ठिबकमधून खत सोडून राह्यलो होतो. विमानतळावर त्याईनं माझ्या हातावरून अन् बॅगेवरून पट्टी फिरवली, स्फोटकाचे कण हुडकणाऱ्या मशीनमंधी टाकली, तं मशीन वाजली. चार जण जमले. छाती धडधडाले लागली.

पण एका पोरानं शांतपणे इचारलं, "काका, शेती करता का? खतं हाताळली का?" म्हटलं, हो बाप्पा. त्यानं सांगतलं का नायट्रेटवाली खतं असली तं मशीन कधीकधी फसते, हृदयाच्या काही गोळ्याईनंही फसते. पुन्हा पट्टी घेतली, बॅग पूर्ण उघडली, पाह्यली, अन् जाऊ दिलं. मले राग नाही आला. काहून का मले कारण समजलं होतं. बाजूला घेतल्याचं दुःख नाही, मुक्यानं उभं ठेवते त्याचं वाईट वाटते.

धंतोलीची मेघना

काका (काटोलचे), तुम्ही लिहिलंत ते मला इतक्या नेमकेपणाने मांडता आलं नव्हतं.

मानेवाड्याच्या काकांना विचारते: चौकट वाजली, पट्टी वाजली, चिठ्ठी निघाली, हे तिथल्या तिथे एका वाक्यात सांगायला काय अडचण आहे?

मानेवाड्याचे काका

वाजलं ते सांगावं, माझी ना नाही. चांगले जवान सांगतातच, काटोलच्या भाऊंनी लिहिलंय तसं. पण नाव यादीत आहे की कोणाला संशय आला, हे दारात सांगता येणार नाही. आत्ताच वर गणितवाल्यांनी लिहिलं की टोळी माणसं पाठवून चाचपून पाहते. मग प्रत्येकाला कारण सांगत बसलात तर चाचपणं आणखी सोपं नाही का होणार?

धंतोलीची मेघना

दारात नको. पण नंतर कोणीतरी निष्पक्ष माणसाने कागद तपासावेत, एवढं तरी? 2017 मध्ये आपल्या एका खासदाराने विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारलं, त्यानंतर बेशिस्त प्रवाशांसाठी नियम आले. त्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशांची समिती आहे, ठरावीक मुदतीत निर्णय आहे, वर अपील आहे. मारहाण करणाऱ्याला आपण बाजू मांडू देतो, आणि ज्याचा दोष फक्त नावात आहे त्याला मात्र काहीच नाही?

मानेवाड्याचे काका

बेशिस्त प्रवाशाने सर्वांसमोर काही केलेलं असतं, त्याचे साक्षीदार असतात. गुप्त माहितीचं तसं नसतं. न्यायाधीशासमोर बंद लिफाफ्यात ठेवा म्हणाल तर ऐकेन. बाकी मला मान्य नाही, आणि नजरेचं तर अजिबात नाही.

सदरचा मुसाफिर

लिफाफ्यावर मी समाधानी आहे. नजरेवर नाही. काका, तुमची नजर चांगली असेल. ती प्रत्येक जवानाकडे आहे याची हमी तुम्ही देऊ शकत नाही.

त्रिमूर्तीनगर ४

मध्येच विचारते, माफ करा. आईचे दोन्ही गुडघे बदललेत, तिला घेऊन पहिल्यांदाच विमानाने जाणार आहे. चौकट वाजणार हे नक्की. नृत्यांगना सुधा चंद्रन यांना 2021 मध्ये विमानतळावर कृत्रिम पाय काढायला लावल्याची बातमी वाचल्यापासून आई घाबरली आहे. काय करावं?

मानेवाड्याचे काका

बेटा, त्या प्रकरणात सीआयएसएफने माफी मागितली होती, आणि आईंचे गुडघे तर शरीराच्या आत आहेत, काढायचा प्रश्नच नाही. चौकटीत शिरण्याआधीच जवानाला सांगा, "दोन्ही गुडघ्यांत धातू आहे." चौकट वाजली की त्यांना महिला कर्मचाऱ्याकडे पाठवतील. तपासणी पडद्याआड होईल, बाईच करेल. उभं राहणं जमत नसेल तर खुर्ची मागा. शस्त्रक्रियेचा कागद सोबत ठेवा. त्याने तपासणी टळत नाही, पण समजावत बसावं लागत नाही. चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा आणि घरून जरा लवकर निघा.