समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता : ‘मयताशी नाते’ या रकान्यात काय लिहायचं?

हळदपेठ, सांगली (धागाकर्ता)

मी दस्तलेखक आहे. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून पंचवीस वर्षं झाली. खरेदीखत, हक्कसोड, बक्षीसपत्र, मृत्युपत्र असले कागद लिहिता लिहिता कुणाचं घर कशावर उभं आहे ते कळत जातं.

मिरज तालुक्यातले दोघेजण माझ्याकडे मृत्युपत्र करायला आले होते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतो. एकाची अडीच एकर बागायत होती, दुसरा शिवणकाम करायचा. अठरा वर्षं एका छपराखाली, एका चुलीवर. गाव त्यांना ‘दोस्त’ म्हणायचं आणि पुढचं विचारायचं नाही. शेतकऱ्याच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. तो म्हणाला, “रान याच्या नावावर करा.” मला सांगावं लागलं की कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकताही येत नाही आणि बक्षीसही देता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तोच माणूस कायद्याने नवरा किंवा बायको असता, तर वारसाने जमीन मिळाली असती आणि हा प्रश्न उभाच राहिला नसता. राहत्या घराचंही तेच. पती, पत्नी, मुलं, नातवंडं यांना घर किंवा शेती बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. तिऱ्हाइताला द्यायची तर शहरात शेकडा ५ आणि वर अधिभार. अठरा वर्षांचा जोडीदार आमच्या तक्त्यात तिऱ्हाईत.

शेवटी घरापुरतं मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदार घेतले, नोंदवलं. पावसाळ्यात शेतकरी गेला. रुग्णालयाने शव पुतण्याच्या ताब्यात दिलं. औषधाच्या पावत्या, फाईल, डायलिसिसची वही सगळं ज्याच्या पिशवीत होतं, तो बाहेर उभा. नमुना आठवर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नाव लावायचा अर्ज गेला तेव्हा पुतण्यांनी हरकत घेतली. ते प्रकरण अजून चालू आहे.

कायद्याची आजची स्थिती थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी विवाहाच्या मागणीवर निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात न्यायालय बदल करू शकत नाही, यावर पाचही जणांचं एकमत. विवाहाऐवजी निदान ‘नागरी बंध’ मान्य करावा असं चंद्रचूड आणि कौल म्हणाले. भट, कोहली आणि नरसिंह यांनी ते नाकारलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे चेंडू संसदेकडे आहे. संसदेने हा कायदा करावा आणि अर्धामुर्धा न करता विवाहाचाच करावा, असं माझं ठाम मत आहे. तुमचं सांगा.

मास्तर_वाई

असहमत. त्या माणसाबद्दल वाईट वाटलं, हे आधी लिहितो.

आपल्याकडं लग्न म्हणजे सोयरीक. दोन घरं जोडली जातात, देवक बसतं, मामा पाठीशी उभा राहतो, उद्या एकाच्या दारात मयत झालं तर दुसऱ्या घराला सुतक येतं. हा अर्थ समाजाने पिढ्यानपिढ्या घडवला. संसदेने ठराव करून शब्दाचा अर्थ बदलला, तरी वाईच्या घाटावर तो बदलत नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही सांगितलेल्या अडचणी फक्त समलिंगी जोडप्यांच्या नाहीत. माझ्या आळीत दोन विधवा जावा राहतात. मुलंबाळं नाहीत, तीस वर्षं एकमेकींचं दुखणंखुपणं त्याच काढतात. धाकटीचं काही झालं तर तिच्या खात्यातला पैसा थोरलीला मिळेल का? मग त्यांचंही लग्न लावायचं? एकत्र राहणाऱ्या कुणाही दोघांना रुग्णालयात, बँकेत, वारसात हक्क द्या. त्यासाठी कायदा करा, मी सही करीन. ‘लग्न’ या शब्दाला हात लावू नका.

ओगलेवाडीची_लेक, कराड

मास्तर, तुमच्या जावांचा मुद्दा खरा आहे आणि तो सुटायलाच हवा. पण मी दुसऱ्या बाजूने लिहिते.

माझ्या बहिणीचं लग्न चांगल्या घरात झालं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, बोलायला गोड. दोन वर्षं तो तिच्या जवळ गेला नाही. तिला वाटायचं आपल्यातच काही खोट आहे. सासू तिला गंडेदोरे बांधायची, पाळी चुकली का म्हणून दर महिन्याला विचारायची. शेवटी एका रात्री त्याने रडत सांगितलं की मला मुलींचं आकर्षण नाही, घरच्यांनी जबरदस्तीने उभं केलं. घटस्फोट झाला. तो पुण्याला निघून गेला. बहीण ‘टाकलेली’ म्हणून माहेरी आली. आज ती चाळिशीत आहे, आणि अजून कुणी हळदीकुंकवाला बोलावलं तरी जात नाही.

हा प्रश्न त्या मुलांपुरता नाही, आमच्या मुलींचाही आहे. लग्नाचा एकच दरवाजा ठेवलात तर ज्याला त्यातून जायचं नाही त्यालाही आई-बाप ढकलून आत घालतात, आणि आत एक पोरगी उभी असते.

पाटण_खोरं

ताई, वाचून पोटात कालवलं. पण एक इचारतो, राग मानू नका. कायदा झाला म्हणून त्यो पोरगा घरात सांगणार हुता का? आमच्याकडं पोरगं दुसऱ्या जातीतली पोरगी आणतंय म्हटलं तरी बाप इळा घिऊन उठतोय. आंतरजातीय लग्नाला कायदा हाय की. म्हणून भीती गेली का? माणसाचं मन आधी वळवायला लागतंय, कागद मागनं. घाई केली तर लोक चिडून त्याच पोरांना मारतील, ह्याची मला भीती वाटती.

ओगलेवाडीची_लेक, कराड

दादा, भीती गेली नाही हे मान्य. पण आंतरजातीय लग्न केलेली मुलगी आज पोलीस ठाण्यात जाऊन दाखला टेबलावर ठेवू शकते. दाखला नसता तर बापाच्या हवाली केली असती. मन वळेपर्यंत हातात काहीतरी लागतं.

येरळाकाठ, विटा

मास्तरांचा ‘समाजाने पिढ्यानपिढ्या घडवलेला अर्थ’ वाचला, म्हणून लिहितो. आपल्याच मातीत हा अर्थ किती वेळा हलला ते बघा. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय लग्न लावलं, तेव्हा हे लग्नच नव्हे म्हणून ओरड झाली. पुरोहितांनी कज्जे केले. प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांनी गावोगाव गांधी-लग्नं लावली. मानपान नाही, हुंडा नाही, बँडबाजा नाही. माझे आजोबा-आजी त्यातलेच. आजीच्या माहेरचे वर्षभर म्हणत होते, “ह्याला लगीन म्हणत्यात व्हय?” पुढं साठ वर्षं संसार झाला.

मास्तर_वाई

येरळाकाठ, अभिमानाची उदाहरणं आहेत, पण इथं लागू पडत नाहीत. त्यांनी विधी बदलला, खर्च बदलला, पुरोहित काढला. नवरा-नवरी बदलली नाही.

येरळाकाठ, विटा

विधीच बदलला असं नाही. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी आली, १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा आला. तोवर धर्माप्रमाणे लग्न तुटतच नव्हतं आणि पुरुषाला कितीही बायका करता येत होत्या. लग्नाचा गाभाच बदलला की. तेव्हाही लोक म्हणाले, समाज तयार नाही.

काळा_दगड, सातारा (सध्या पुणे)

मी स्वतः समलिंगी आहे. राजवाड्याजवळ वाढलो. धागाकर्त्याचे मनापासून आभार, तरी मी लग्नाच्या मागणीवर सगळी ताकद लावायच्या विरोधात आहे.

मास्तर ज्या सोयरीकीचं कौतुक करतात, तिनेच माझी आई आयुष्यभर दबून राहिली. कुणाशी बोलायचं, माहेरी कधी जायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. तोच साचा मला कशाला हवा? मी आजारी पडलो तेव्हा माझ्या उशाशी जोडीदार होता, आणि डबा आणणाऱ्या तीन मैत्रिणीही होत्या. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलं की विवाह हा कुटुंब स्थापन करायचा एकमेव मार्ग नाही, आणि ‘निवडलेलं कुटुंब’ ही कल्पना मान्य केली. तिथल्याच एका न्यायमूर्तींनी आधी जोडप्यांसाठी नोंदणीकृत करारनामा सुचवला होता. मास्तरांच्या जावांनाही तो चालेल. लग्न ज्यांना हवं त्यांना मिळावं, पण आधी हे.

कृष्णामाई, सांगली

या विषयात एक गल्लत नेहमी होते. तृतीयपंथी व्यक्तीचा विवाह हा वेगळा मुद्दा आहे. ट्रान्स स्त्रीने पुरुषाशी किंवा ट्रान्स पुरुषाने स्त्रीशी लग्न केलं तर ते आजच्या कायद्यातच बसतं, हे २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी मान्य केलंय. आणि दत्तकाचं म्हणाल तर एकट्या व्यक्तीला आजही मूल दत्तक घेता येतं, जोडप्याला मात्र किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य दाखवावं लागतं. मग समलिंगी घरात मूल एकाच्याच नावावर. तो एक गेला तर मूल कुणाचं? विरोध करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

पाटण_खोरं

पोराचं उत्तर माझ्याकडं न्हाई, खरं सांगतो.

मास्तर_वाई

काळा दगड, तुझ्या आईबद्दल लिहिलंस ते मनाला लागलं. करारनाम्याला माझी हरकत नाही, उलट तेच म्हणतोय. धागाकर्त्यांना विचारतो, सरकारने मधे काही परिपत्रकं काढली ना? शिधापत्रिका, बँक, रुग्णालय? मग उरलं काय?

हळदपेठ, सांगली (धागाकर्ता)

काढली, बरोबर. २०२४ मध्ये. संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी दोघं एका कुटुंबातले धरावेत. आणि आरोग्य खात्याने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक *उपलब्ध नसतील तर* जोडीदाराला शव ताब्यात मागता यावं. ते तीन शब्द परत वाचा. आमच्या शिवणकाम करणाऱ्याचं काय झालं ते त्या तीन शब्दांतच आहे. पुतण्या उपलब्ध होता. अठरा वर्षांत दिवाळीलाही आला नव्हता, त्या दिवशी उपलब्ध होता.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे रोज दहा जणांना समजावतो. नॉमिनीने पैसे उचलायचे आणि वारसांना द्यायचे. मुखत्यारपत्र करून देणारा मेला की त्याच क्षणी संपतं. मृत्युपत्राला हरकत येते. करारनामा दोघांपुरता बांधील, पुतण्याला नाही, तलाठ्याला नाही. काळा दगड, तुझं म्हणणं मी डावलत नाही, तुझ्या मैत्रिणींनाही हक्क हवेत. पण हक्क एकेक करून मागायचे तर प्रत्येक खात्यात वेगळा अर्ज आणि प्रत्येक अर्जावर वेगळी हरकत. लग्न हा एकच कागद असा आहे की तो दाखवला की पुढचं कुणी विचारत नाही.

आणि मास्तर, शब्दाबद्दल. अर्जात ‘मयताशी नाते’ असा रकाना असतो. शिवणकाम करणारा त्यापुढे पेन धरून बराच वेळ बसला. मला विचारलं, काय लिहू? मी सांगितलं, ‘मित्र’ लिहा. दुसरं काही सांगता येत नव्हतं. त्याने ‘मित्र’ लिहिलं, आणि पुतण्याच्या वकिलाने हरकतीत पहिलं वाक्य तेच घेतलं, की अर्जदार हा मयताचा केवळ मित्र आहे. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी साक्षीला जाणार आहे.

मास्तर_वाई

तारीख कळवा. मीही येतो. माझं मत बदललेलं नाही, पण येतो.