‘ऑन’, ‘अबाउट’ की काहीच नको? : इंग्रजी क्रियापदांमागच्या प्रीपोझिशनचे तुमचे अनुभव

इंग्रजीचे काळ, स्पेलिंग, उच्चार यांवर आपल्याकडे उदंड बोलून झालंय. प्रीपोझिशनच्या वाट्याला मात्र कोणी जात नाही, कारण तिथे चुकलं तरी गाडी अडत नाही. समोरच्याला कळायचं ते कळतंच. पण तोच ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ नोकरीच्या अर्जात, कोर्टाच्या कागदात डोळ्यांत खुपतो. तुमच्या कामात कुठल्या क्रियापदाने छळलंय आणि तुम्ही त्यावर काय तोड काढलीत, ते लिहा. नियमांच्या याद्या नकोत, त्या गाइडात आहेत.

शाळेत इंग्रजी शिकवणारी, कराड

मराठी माध्यमाची दहावी. वह्यांचा गठ्ठा उघडायच्या आधीच कुठल्या चुका निघणार ते मी सांगू शकते, कारण मुलं मराठीतला प्रत्यय उचलून थेट इंग्रजीत ठेवतात. ‘माझ्यावर रागावले’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’. ‘तिच्याशी लग्न झालं’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’. ‘त्याबद्दल चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट इट’, जिथे खरं तर काहीच नको. ‘मला समजावून सांगा’चं ‘एक्सप्लेन मी’, जिथे उलट ‘टू’ हवा.

पंचाईत अशी की हीच युक्ती पुष्कळदा बरोबर उत्तरही देते. ‘पावसावर अवलंबून’ म्हणजे ‘डिपेंड ऑन’, ‘पाण्याने भरलेली’ म्हणजे ‘फिल्ड विथ’. असे दोनचार बरोबर आले की मुलांचा तिच्यावर भरवसा बसतो आणि मग तो मोडता मोडत नाही. ‘मराठीतून विचार करू नका’ हे फळ्यासमोर उभं राहून बोलायला सोपं आहे हो, पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने विचार करायचा कशातून? म्हणून मी ते सांगायचं सोडलं. आता वहीच्या पानावर दोन रकाने असतात, जुळणारे आणि न जुळणारे. पाठ करायचे ते फक्त न जुळणारे. आणि क्रियापद कधी एकटं लिहायचं नाही. ‘वेट’ नाही, ‘वेट फॉर द बस’. ‘लिसन’ नाही, ‘लिसन टू मी’. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी पाठांतर मात्र अजून शब्द-अर्थ, शब्द-अर्थ असंच चालतं. त्यात बिचाऱ्या ‘टू’ला जागाच नसते.

सर्जन, कोल्हापूर

आमच्या केसपेपरची पहिली ओळ ‘सी/ओ’ने सुरू होते, म्हणजे ‘कम्प्लेनिंग ऑफ’. पुढे छातीत दुखणं, धाप, जे असेल ते. एका पेशंटच्या मुलाने विचारलं होतं, “डॉक्टर, इथे केअर ऑफमध्ये दुखणं का लिहिलंय?” पाकिटावर तोच ‘सी/ओ’ असतो, त्यामुळे त्याचं काही चुकलं नाही. फरक असा, की दुखण्याची तक्रार ‘कम्प्लेन ऑफ’, कँटीनच्या आमटीची ‘कम्प्लेन अबाउट’.

दुसरं म्हणजे ‘ऑपरेट’. यंत्र ‘ऑपरेट’ करतात, माणसावर ‘ऑपरेट ऑन’. इंटर्न मुलं सर्रास ‘वुई ऑपरेटेड द पेशंट’ लिहितात. आमचे जुने सर अशा वेळी शांतपणे विचारायचे, “कुठलं बटण दाबलंस?”

वकील, नागपूर

डॉक्टरसाहेब, तुमचं निदान एका ‘ऑफ’वर भागतं. आमच्याकडे एकाच आरोपीवर ‘अक्यूज्ड ऑफ’, ‘चार्ज्ड विथ’, ‘ट्राइड फॉर’ आणि शेवटी ‘कन्व्हिक्टेड ऑफ’ किंवा ‘अक्विटेड ऑफ’. गुन्हा तोच, माणूस तोच, फक्त टप्पा बदलला. ज्युनियर विचारतात, यात तर्क काय? मी सांगतो, तर्क शोधायला अशील पैसे देत नाही, पाठ करा.

1860च्या दंडसंहितेत शिक्षेसाठी ‘शॅल बी पनिश्ड विथ’ आहे. 2023च्या न्याय संहितेतही तेच ‘विथ’. कलमांचे आकडे सगळे इकडचे तिकडे झाले, हे तेवढं जागचं हललं नाही. आणि एक: आपल्याकडे निकालाविरुद्ध ‘अपील अगेन्स्ट’ करतात. अमेरिकन निकालपत्रं वाचून आलेली मुलं मधलं ‘अगेन्स्ट’ गाळून सरळ ‘अपील द ऑर्डर’ लिहितात. तिकडे ते शुद्ध आहे, इथे मी ते परत घालायला लावतो.

आयटीवाला, न्यू जर्सी

वकीलकाकांना दुजोरा. इथे ‘प्रोटेस्ट द डिसिजन’, ‘राइट मी’, ‘मीट विथ द क्लायंट’ सगळं चालतं. शाळेतल्या बाईंनी यातल्या प्रत्येकावर लाल रेघ मारली असती. एकच फॉर्म आमची पुण्याची टीम ‘फिल अप’ करते, लंडनचा क्लायंट ‘फिल इन’ आणि इथले लोक ‘फिल आउट’. भांडण नको म्हणून मी मेलमध्ये ‘कम्प्लीट द फॉर्म’ लिहितो आणि मोकळा होतो. ‘कोप अप विथ’ मात्र कुठल्याच देशात चालत नाही. त्यातला ‘अप’ आपण घरून आणलेला आहे.

सासूबाई, ठाणे

जरा उलटा अनुभव सांगते. सून लुधियानाची, मराठी हौसेने शिकतेय. परवा म्हणाली, “मी मम्मींपासून विचारलं.” हिंदीतला ‘से’ तिने नेमका उचलला होता. मग मी तिला समजवायला बसले: आईला विचारायचं, आईशी बोलायचं, आईकडे मागायचं, आईवर चिडायचं, आईची वाट बघायची. पाच क्रियापदं आणि पाच वेगवेगळे प्रत्यय, ते का, मला सांगता येईना. तिने विचारलं, “तुम्ही कसं लक्षात ठेवलंत?” काय सांगणार, कधी ठेवलंच नव्हतं! तेव्हापासून नातवाच्या इंग्रजीच्या वहीवर मी ओरडत नाही.

श्टुटगार्टहून

इंग्रजीलाच काय ते वेड लागलंय असं वाटत असेल तर जर्मन शिका. वाट बघायची तर ‘वार्टेन आउफ’, म्हणजे शब्दशः ‘वर’. अवलंबून असायचं तर ‘आबहेंगेन फॉन’, म्हणजे ‘पासून’. मराठी आणि इंग्रजीचं ज्या ‘वर’पुरतं एकमत होतं, तिथेही हे लोक वेगळे निघाले.

स्पर्धा परीक्षा, तिसरा अटेम्प्ट

आमचं दुखणं वेगळं. रोजच्या वापरात दोन्ही चालणाऱ्या गोष्टींतही आम्हाला एकच पर्याय निवडायचा असतो. आजाराने मेला तर ‘डाय ऑफ’, जखमेने मेला तर ‘डाय फ्रॉम’, असं क्लासमध्ये घोटून घेतात. इंग्रजी पेपर उघडा, आजारासाठीही ‘फ्रॉम’ सापडतो. तसंच मोठ्या शहरात ‘अराइव्ह इन’, लहान ठिकाणी ‘अराइव्ह अ‍ॅट’. कराडच्या बाई, कराड मोठं की लहान? काही जोड्या मात्र खऱ्या कामाच्या आहेत: ‘इन्सिस्ट ऑन’ पण ‘पर्सिस्ट इन’, ‘कन्सिस्ट ऑफ’ पण नुसतंच ‘कम्प्राइज’, आणि ‘प्रिफर टी टू कॉफी’, ज्यात ‘दॅन’ घालायचा मोह प्रत्येकाला होतो.

बाई पुन्हा, कराड

शहर म्हणून राहायला आलात तर ‘इन’, गाडी बदलायला थांबलात तर ‘अ‍ॅट’. आकारापेक्षा तुम्ही त्या गावाकडे कसं बघता ते महत्त्वाचं. कराडकरांसमोर ‘लहान’ म्हणू नका.

भाषांतरकार, पुणे

उपाय विचारलाय म्हणून लिहितो. इंग्रजी-मराठी कोशात ‘इन्सिस्ट: आग्रह धरणे’ एवढंच मिळतं आणि ‘ऑन’चा पत्ता नसतो. त्यासाठी परभाषकांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. ए. एस. हॉर्नबी जपानात इंग्रजी शिकवायचे, तिथेच त्यांचा कोश तयार झाला. 1942 साली तो टोकियोत निघाला आणि 1948 साली ऑक्सफर्डने काढला. क्रियापदामागे काय येतं हे शिकणाऱ्याला दिसावं, हाच त्याचा रोख. माझ्या जुन्या प्रतीची पानं सुटलीत, पण मी अर्थ बघायला तो क्वचित उघडतो, प्रीपोझिशन बघायला रोज.

क्राइम रिपोर्टर, मुंबई

उशिरा आलो. आमच्या डेस्कवर ‘सर्च’ कायम तपासतात. ‘पोलीस सर्च्ड द मॅन’ म्हणजे माणूस सापडलाय, त्याचे खिसे तपासले. ‘सर्च्ड फॉर द मॅन’ म्हणजे तो अजून फरार आहे. एका ‘फॉर’ने आरोपी चौकीतून पळतो, आणि सकाळी सातला पोलीस ठाण्यातून फोन येतो.