१९६७ फोर्ड मस्टँग (२८९ घनइंची V8 इंजिन): गरम इंजिन पुन्हा स्टार्ट होत नाही, मदत हवी आहे

थंड असताना गाडी लगेच सुरू होते. तासभर चालवून बंद केली आणि पंधरा मिनिटांनी चावी फिरवली, तर स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला की काळा धूर सोडत, खोकत सुरू होतं.

इग्निशन (ठिणगीची यंत्रणा) तपासलंय: पॉइंट गॅप ०.०१७ इंच, ड्वेल २८ अंश, व्हॅक्यूम नळी काढून टायमिंग ६ अंश, गरम इंजिनावरही ठिणगी निळी. त्यामुळे कृपया ‘कॉइल बदला’ नको! एअर क्लीनर काढला तर बंद इंजिनात ऑटोलाइट २१०० कार्बोरेटरच्या व्हेंचुरीतून (हवा जाणाऱ्या अरुंद नळीतून) पेट्रोल थेंबथेंब आत पडताना दिसतं. फ्लोटची (बाउलमधल्या तरंगकाची) पातळी बरोबर आहे. म्हणजे गरमीने बाउलमधलं (कार्बोरेटरच्या साठ्यातलं) पेट्रोल उकळतंय. इथे न्यू जर्सीत पंपावर १० टक्के इथेनॉलवालंच मिळतं, ते लवकर उकळतं.

कार्बोरेटरखालच्या मूळ स्पेसरमधून (मधल्या जाड तुकड्यातून) हीटरचं गरम पाणी फिरतं. ते बायपास करून भागेल, की अर्धा इंची फिनॉलिक (उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिकचा) स्पेसरच हवा? पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) नळी त्याच मूळ स्पेसरला लागते, मग तिच्यासाठी पोर्ट असलेला नवा स्पेसर कुठला बसतो? कार्बोरेटर बसवायचे स्टड किती लांब लागतील? इनटेकचा एक्झॉस्ट क्रॉसओव्हर (गरम धूर कार्बोरेटरखालून नेणारी वाट) कोणी बंद केला असेल, तर हिवाळ्यात त्रास होतो का तेही सांगा.